बॅचची यादी कोणाकडे आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांच्या बातम्या आणि फोटो आपल्या दैनिकात नेहमी येतात. मेळावा एक दिवसाचा असतो, पण त्याच्यामागची यादी वर्षभर सांभाळावी लागते. साठी ओलांडलेल्या बहुतेक बॅचचे घोडे तिथेच अडते.

यादी फाटते ती निवृत्तीच्या आसपास. कार्यालयाचा ईमेल नोकरीबरोबर जातो, लँडलाइन बंद होतो, कोणी मुलांकडे राहायला जातो. त्यामुळे नाव आणि नंबर एवढ्यावर भागत नाही. कॉलेजातले नाव आणि आताचे नाव असे दोन रकाने हवेत. आडनाव बदललेल्या मैत्रिणी याच कारणाने हरवतात. टोपणनाव लिहावे, कारण अनेकांना तेवढेच आठवते. घरातल्या आणखी एका माणसाचा नंबर, नात्यासह, घ्यावा. सर्वांत उपयोगी रकाना मात्र ‘शेवटची खात्री’ हा. त्यात तारीख घालायची आणि ती बारा महिन्यांपेक्षा जुनी झाली की फोन करायचा. मेसेज पुरत नाही, कारण निळी खूण आली तरी वाचणारा तोच असतो असे नाही. १२० जणांच्या बॅचला हे आठवड्याला दोन-तीन फोनांचे काम आहे.

यादी एकाच्याच खात्यात ठेवू नये. सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते. हे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे. यादी ठेवणारा गेला की यादीही त्याच्यामागे जाते. फाइल दोघांकडे असावी, त्यातला एक शक्यतो वयाने लहान, आणि वर्षातून एकदा कागदावर छापून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपलाही किमान दोन अ‍ॅडमिन हवेत. बातम्यांसाठी फक्त अ‍ॅडमिनना लिहिता येईल असा वेगळा ग्रुप करावा, नाहीतर निधनाची बातमी सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते.

निधनाच्या बातमीत घाई फार महागात पडते. एकाच नावाचे दोघे असतात, जुनी पोस्ट नव्याने फिरते, ‘अत्यवस्थ’चे तिसऱ्या फोनपर्यंत ‘गेला’ होते. घरच्या माणसाकडून खात्री झाल्याशिवाय ग्रुपवर एक ओळही टाकू नये. खात्री झाली की आधी जवळच्या चार-पाच मित्रांना फोन करावा. त्यांना ते ग्रुपवर वाचावे लागू नये. मग निवेदन: पूर्ण नाव, कॉलेजातले नाव, शाखा, तारीख, आणि घरच्यांना फोन चालतील की नाही. आजाराचे नाव, घरचा पत्ता आणि रुग्णालयातला फोटो परवानगीशिवाय नको. वाढदिवसाच्या आपोआप जाणाऱ्या शुभेच्छा त्याच दिवशी बंद कराव्यात. बंद झालेला नंबर पुढे परक्या ग्राहकाला मिळतो, म्हणून तो ग्रुपमधून काढावा लागतो. मात्र आधी घरी विचारावे. कधी कधी जोडीदाराला त्या ग्रुपवर राहायचे असते.

आनंदाच्या बातम्यांचा त्रास वेगळा. नातवंडे, पुरस्कार, परदेशवाऱ्या यांचीच रेलचेल झाली की ज्यांच्याकडे तसे काही नाही ते गप्प होतात आणि मग यादीतूनही निसटतात. हार्वर्डमध्ये पदवीच्या वर्षाप्रमाणे दर पाच वर्षांनी अहवाल निघतो आणि त्यात जो तो स्वतःबद्दल स्वतःच लिहितो. आपल्यालाही हे जमण्यासारखे आहे. सर्वांना तेच तीन प्रश्न आणि प्रत्येकी साठ शब्द: कुठे राहता, दिवस कसा जातो, कोणाला भेटावेसे वाटते. ‘काही विशेष नाही’ असे उत्तर आले तरी तसेच छापावे. माझ्या मते अशा अहवालातली सर्वांत वाचनीय पाने तीच असतात.

मेळाव्याचे थोडक्यात. पदवीला पन्नास वर्षे झाल्याच्या मेळाव्यानंतर पुढच्यासाठी पाच वर्षे थांबू नका, दरवर्षी भेटा. वेळ सकाळची, सभागृह तळमजल्यावर. पार्श्वसंगीत पूर्ण बंद, कारण श्रवणयंत्र बोलणे आणि गाणे दोन्ही वाढवते. एका टेबलाला सहा-आठ जण. गळ्यातली नावाची पट्टी उलटतेच, म्हणून ती दोन्ही बाजूंनी छापावी. पहिले नाव दोन सेंटिमीटर उंच, शेजारी कॉलेजातला फोटो. भाषणे दोन पुरेत.

श्रद्धांजलीची नावे वाचण्यापूर्वी यादीशी पुन्हा पडताळावीत. बहुतेक ठिकाणी ‘निधन’ आणि ‘संपर्क नाही’ एकाच रकान्यात पडलेले असतात आणि जिवंत माणसाचे नाव माइकवरून वाचले जाते. रकाने वेगळे ठेवावेत आणि ‘संपर्क नको’ असा आणखी एक असावा. तसे सांगणारे असतातच. त्यांना पुन्हा विचारू नये, पण त्यांची ओळही खोडू नये.

आपला,
एका बॅचची यादी सांभाळणारा वाचक