नकाशातल्या लाल पट्ट्याबद्दल

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

शाश्वत विकास उद्दिष्टांत देशातला कोणता प्रदेश कुठवर पोहोचला यावरचा तुझा अहवाल परवा रात्री एका बैठकीत वाचून काढला. "निदान नकाशा तरी बघ," असं तू लिहिलं होतंस, म्हणून आधी नकाशाच उघडला. गडद हिरवा, फिकट हिरवा, पिवळा, नारिंगी आणि कडेला, सर्वांत मागे राहिलेल्या प्रदेशांचा, तो लाल पट्टा. प्रत्येक प्रदेशावर शून्य ते शंभरमधला एक आकडा, त्याचा गुणांक. काम नेटकं झालंय, मेहनत पानोपानी दिसते. पहिल्याच नोकरीत तुला असं काम मिळालं याचा मला अभिमान वाटतो. पण तो लाल पट्टा काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

पहिल्या पानावरचं तुझं पहिलंच वाक्य आहे की पाच वर्षांत देशाचा गुणांक वाढला. वाढला असेल. पण एक साधं गणित मांडून बघ. सारख्या लोकसंख्येचे दोन प्रदेश धर. एकात शंभरातली 90 मुलं माध्यमिक शाळा पुरी करतात, दुसऱ्यात 40. सरासरी 65. पाच वर्षांनी पहिल्यात 98, दुसऱ्यात 42. सरासरी 70 वर गेली, मथळा तयार झाला. दरम्यान दोघांमधलं अंतर 50 वरून 56 झालं, त्याचा मात्र कुठे उल्लेख नाही. दुसऱ्या प्रदेशात शाळा अर्ध्यावर सोडलेल्या मुलीला त्या 70 चा काय उपयोग?

ज्यांनी ही उद्दिष्टं ठरवली त्यांना हे कळत होतं. 25 सप्टेंबर 2015 रोजी संयुक्त राष्ट्रांत 193 देशांनी 2030 पर्यंत गाठायची 17 उद्दिष्टं आणि 169 लक्ष्यं मान्य केली, तेव्हा कोणालाही मागे ठेवायचं नाही एवढं म्हणून ते थांबले नाहीत. जे सर्वांत मागे आहेत त्यांच्यापर्यंत आधी पोहोचायचा प्रयत्न करू, असंही त्यांनी लिहून ठेवलं. 17.18, म्हणजे सतराव्या उद्दिष्टातलं अठरावं लक्ष्य, तर तुझ्याच टेबलावरचं. आकडेवारीची फोड उत्पन्न, लिंग, वय, वंश, स्थलांतर, अपंगत्व यांच्याबरोबर भौगोलिक ठिकाणानुसारही झाली पाहिजे, असं ते सांगतं. आणि 10.1 म्हणतं की तळातल्या 40 टक्के लोकांचं उत्पन्न राष्ट्रीय सरासरीपेक्षा जास्त वेगाने वाढलं पाहिजे. जास्त वेगाने, हे शब्द महत्त्वाचे. तुझ्या अहवालात वेगाचा तक्ता परिशिष्टात ढकलला गेलाय. तो पुढे आण.

आता पाण्याच्या प्रकरणाकडे येते, कारण तिथे बोलायचा मला हक्क आहे. सव्वीस वर्षं मी दारोदार फिरून पाहणीचे तक्ते भरले. 'मूलभूत सेवा' मिळणारे प्रदेश तू सरसकट हिरवे केलेस. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची व्याख्या तुला पाठ असेल: पाण्याचा स्रोत सुधारित, म्हणजे बाहेरच्या घाणीपासून जपलेला असावा, आणि जाऊन, रांगेत थांबून परत यायला 30 मिनिटांहून जास्त वेळ लागू नये. जास्त लागला की तेच पाणी 'मर्यादित' वर्गात जातं.

एकदा एका बाईबरोबर मी घड्याळ लावून निघाले. वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन, झाकण हरवलेलं, म्हणून तोंडाशी कापडाचा बोळा कोंबलेला. उतारावर ती माझ्याशी बोलत होती. येताना चढ लागला तशी गप्प झाली. रांग त्या दिवशी छोटी होती. तिच्या दारात परत आलो तेव्हा 28 मिनिटं झाली होती. मी 'मूलभूत'च्या चौकटीत खूण केली. मग सहज विचारलं, दिवसाला अशा किती खेपा होतात? "सहा," ती म्हणाली. "उन्हाळ्यात रांग लांबते, मग चारच होतात. त्यातच भागवायचं." सहा खेपा म्हणजे जवळजवळ तीन तास. तक्त्यात खेपांसाठी रकाना नव्हता, आणि पाहणी पावसाळा सरता सरता चालली होती. मी समासात पेन्सिलीने लिहिलं, '6, उन्हाळ्यात 4'. तक्ते जमा करताना समासातलं सगळं खोडायला सांगितलं गेलं, आणि मी खोडलं. तेव्हा मी खोडायला नको होतं, हे मला अजून वाटतं.

म्हणून सांगते, 28 मिनिटं चालणारे प्रदेश आणि घरात नळ असलेले प्रदेश एका रंगात बसवू नकोस. 6.1 या लक्ष्याचा निर्देशक घराच्या आवारात, हवं तेव्हा मिळणारं, दूषित नसलेलं पाणी मोजतो. त्या मापाने रंगव, मग बघ किती हिरवं उरतं ते.

दुसरी गोष्ट मात्र रंग बदलून सुटणारी नाही. अहवालभर तू प्रदेशांकडे एका वर्गातल्या मुलांकडे पाहावं तसं पाहिलंयस. हा पुढे गेला, तो मागे राहिला, याने अभ्यास वाढवावा. प्रदेश असे एकमेकांपासून सुटे नसतात गं. स्वीडनचे अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी 1957 मध्येच मांडलं होतं की एखादा प्रदेश पुढे जाऊ लागला की भांडवल, व्यापार आणि कर्ती माणसं तिकडे ओढली जातात, आणि जिथून ती जातात तो प्रदेश आणखी खंगतो. भरभराटीचा थोडा लाभ झिरपून आजूबाजूला पोहोचतो, हे त्यांनाही मान्य होतं. पण गरीब ठिकाणी हा झिरपा क्षीण असतो आणि ओढ जबर. नुसतं बाजारावर सोडलं तर अंतर वाढतच जातं, हे त्यांचं म्हणणं.

तुझ्या नकाशावर हे ताडून बघ. धरणाची भिंत एका प्रदेशात, नळाचं पाणी दुसऱ्यात. कोळशाची खाण आणि राख इथे, दिवे तिथे. मुलाला वाढवायचा, शिकवायचा खर्च लाल पट्ट्याने करायचा, त्याच्या कष्टाची वर्षं हिरव्याने घ्यायची, आणि आजारी पडला की परत लाल पट्ट्याच्या स्वाधीन करायचा. शुद्ध हवेचे गुण हिरव्या प्रदेशाला मिळालेत, कारण धूर ओकणारं सगळं त्याने हद्दीबाहेर ठेवलंय. अशा गुणांना शाश्वत म्हणायला माझं मन धजत नाही. देशादेशांमधला हा सांडलेला भार मोजण्यासाठी वेगळा निर्देशांक आता निघतो, हे तुला माहीत आहेच. एका देशाच्या आतही तो मोजायला हवा.

यावर तू म्हणशील, मग लाल पट्ट्यात कारखाने न्यावेत. इटलीने ते करून पाहिलं. दक्षिण इटलीचा अनुशेष भरून काढायला 1950 मध्ये खास निधी उभारला, रस्ते झाले, पाण्याच्या योजना झाल्या, मोठमोठे कारखाने आले. पुष्कळ भलंही झालं, ते नाकारायचं नाही. पण कित्येक कारखाने आजूबाजूच्या व्यवसायांशी न जुळता एकटेच उभे राहिले. तिथल्या लोकांनी त्यांना 'वाळवंटातली कॅथेड्रलं', म्हणजे ओसाडीत उभी भव्य चर्चं, म्हटलं. तारांतो या बंदराच्या शहरात 1965 मध्ये प्रचंड पोलाद कारखाना सुरू झाला. हजारो घरांची चूल त्यावर पेटली. त्याच्या भिंतीला लागून तांबुरी नावाची वस्ती आहे. तिकडे वारा वाहू लागला की खिडक्या लावून घ्या, असं लोकांना सांगावं लागायचं, शाळा बंद ठेवाव्या लागायच्या. 2012 मध्ये प्रदूषणामुळे होणारे आजार आणि मृत्यू लक्षात घेऊन न्यायालयाने कारखान्याच्या भट्ट्यांचा भाग जप्त करायचा आदेश दिला. तेव्हा कामगार रस्त्यावर उतरले, कारण तो बंद पडला तर खायचं काय? नोकरी हवी की श्वास, यातलं एक निवडायची वेळ त्या गावावर आली. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरणविषयक विशेष प्रतिवेदकाने, म्हणजे नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाने, प्रदूषणाला 'बळी दिलेल्या प्रदेशां'मध्ये तारांतोचं नाव घेतलं.

मला या गोष्टीचा राग येतो, तो कारखान्यापेक्षा त्या सौद्याचा. मागास प्रदेशाला विकास देताना सगळ्यात घाण काम आधी त्याच्या पदरात घालायचं, आणि दरडोई उत्पन्न वाढलं म्हणून नकाशावर त्याला पिवळ्यातून हिरव्यात घ्यायचं. तुझ्या गुणांकात उत्पन्न आणि हवा यांची सरासरी होते. एकाने वाढलेले गुण दुसऱ्याने खाल्लेले झाकतात. ही भरपाई चालू देऊ नकोस. निदान दोन्ही आकडे शेजारी शेजारी छाप.

जर्मनीचं एकच सांगते. त्यांच्या राज्यघटनेत देशभर राहणीमानाची 'एकरूपता' असा शब्द होता. एकीकरणानंतर, 1994 मध्ये, तो बदलून 'समतुल्यता' केला. मला हा बदल शहाणपणाचा वाटतो. डोंगरातल्या वस्तीला महानगरासारखं व्हायची गरज नाही. तिथे बाळंतपण सुखरूप व्हावं, शाळा चांगली असावी, म्हातारपण सन्मानाने जावं. तुझ्या निर्देशकांपैकी काही तर शहरासारखं दिसण्यालाच गुण देतात, तेवढे तपासून बघ.

आणि आता जिथे मन जरा हलकं होतं तिथे येते. ब्राझीलचा ईशान्य भाग त्या देशातला गरीब भाग. तिथल्या सियारा राज्याने 2007 मध्ये कायदा केला. राज्याच्या करातला नगरपालिकांना जाणारा वाटा असतो, त्यातला जो भाग कसा वाटायचा हे राज्याच्या हातात होतं, तो त्यांनी शिक्षणातले निकाल, आरोग्य आणि पर्यावरण यांना जोडला. शाळांच्या बक्षिसाची रीत मला फार आवडली. उत्तम ठरलेल्या शाळेला बक्षिसाची सगळी रक्कम एकदम मिळत नाही. तिला एक कमकुवत शाळा जोडून देतात, आणि ती शाळा सुधारली तरच उरलेली रक्कम हाती येते. याच राज्यातलं सोब्राल शहर 2005 मध्ये देशाच्या शालेय शिक्षणाच्या निर्देशांकात 1,366 व्या क्रमांकावर होतं आणि 2017 मध्ये पहिलं आलं. राज्य अजून श्रीमंत झालेलं नाही. श्रीमंतीची वाट न बघता मुलं शिकली. पुढच्याने मागच्याचा हात धरला तरच त्याचं बक्षीस पुरं होतं, हा हिशोब तुमच्या कार्यालयातही कोणीतरी मांडून बघावा असं मला मनापासून वाटतं.

2030 आता दारात आहे. संयुक्त राष्ट्रांचा 2025 चा अहवाल सांगतो की ज्या लक्ष्यांची आकडेवारी आहे त्यातली फक्त 35 टक्के वाटेवर आहेत किंवा बरी पुढे सरकली आहेत, आणि 18 टक्के तर 2015 च्याही मागे गेली आहेत. घाई आहे हे मलाही दिसतं. घाईत सोपं ते आधी होतं, जिथे रस्ता आहे तिथेच गाडी जाते, आणि टक्केवारी भरते. तुझ्यावरही तसा दबाव येईल.

दुसरा मसुदा करताना एवढं बघ. नकाशाशेजारी आणखी एक नकाशा दे, रंगांचा नको, बाणांचा. पाणी कुठून कुठे जातं, वीज कुठून कुठे, माणसं कुठून कुठे, कचरा कुठे येऊन पडतो. लाल पट्ट्यातून बाहेर पडणारे बाण मोज आणि आत येणारेही मोज. आणि प्रगणकांनी समासात काही लिहिलं असेल तर ते टिपून घ्यायला एक रकाना ठेव. कोणी खोडायला सांगितलं तर कारण लेखी माग.

मसुदा झाला की तक्त्यांसकट पाठव. रात्री फार जागत बसू नकोस.

तुझी,
आई