अनाथोथचे शेत

चि. बाळास,
प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस की, बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला आणि यिर्मया संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, अशा वेळी त्याने अनाथोथचे शेत विकत का घ्यावे? तेव्हा मला नीट सांगता आले नाही, म्हणून लिहितो.

अनाथोथ हे यरुशलेमच्या ईशान्येस जेमतेम पाच किलोमीटरवरचे याजकांचे गाव. शलमोनाने अब्याथार याजकाला पदावरून काढून तेथेच धाडले होते, आणि अब्याथार हा शिलोच्या पवित्रस्थानातल्या एली याजकाच्या घराण्यातला. यिर्मया त्याचाच वंशज होता, असे शास्त्रात कोठे म्हटलेले नाही. पण ज्या गावात हा याजक येऊन राहिला, तेथल्या घरांत शिलोच्या उजाड पवित्रस्थानाच्या आठवणी निघत नसतील, हे मला पटत नाही. म्हणून ‘परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर’ असे घोकत लोक निर्धास्त होते, तेव्हा त्याच मंदिराच्या दारात उभे राहून यिर्मया ‘शिलोला जाऊन पाहा’, म्हणजे ते पवित्रस्थान उजाड झाले तसे हेही होईल, असे म्हणू शकला. त्यापायी त्याच्या जिवावर बेतले.

गावानेही त्याला जवळ केले नाही. संदेश देणे थांबव, नाहीतर आमच्या हातून मरशील, अशी धमकी अनाथोथच्याच माणसांनी दिली. मला हे वाचताना दर वेळी गलबलून येते. आणि त्याच गावचा चुलतभाऊ हनामेल इ.स.पू. ५८७च्या सुमारास कैदेत येऊन म्हणतो, ‘माझे शेत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे.’ (म्हणजे नातलगाची जमीन विकत घेऊन ती घराण्यातच राखण्याचा हक्क.)

यिर्मयाने १७ शेकेल चांदी, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम, तराजूत तोलून दिली. साक्षीदारांच्या सह्या झाल्या. एक खत मोहोरबंद, एक उघडे, अशी दोन्ही खते आपला लेखनिक बारूख याने मातीच्या भांड्यात ठेवावीत म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील, असे त्याने बजावले. देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे परमेश्वराचे वचन त्याने असे आपल्याच गावच्या मातीवर पैसे मोजून लोकांना दाखवले.

ते शेत त्याला कसायला मिळाले नाही. पुढे त्याला मिसरात (इजिप्तमध्ये) नेण्यात आले. पण एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढ. बंदिवासातून परतलेल्यांच्या त्या लांबलचक यादीत एक ओळ आहे: अनाथोथचे लोक, १२८.

तुझे बाबा