रविवारी रेड रॉकेट पंपाचे लेपकाम आणि रंगकाम

सर्व सभासदांस,

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता फोंड्याला नेहमीच्या जागी जमायचे आहे. ‘फॉलआउट 4’ (2015) या व्हिडिओ गेममधल्या रेड रॉकेट पेट्रोलपंपाचे छोटे मॉडेल आपण टेबलावरच्या खेळासाठी बांधतोय, त्याचे कापकाम झाले. आता लेप आणि रंग.

कृपया फोमवर कोणीही थेट स्प्रे मारू नये. डब्यातल्या स्प्रेचा सॉल्व्हंट थर्माकोल आणि एक्सपीएस (दाट, कडक फोम) दोन्ही खातो, कडा विरघळून जातात. आधी फेव्हिकॉलमध्ये काळा अ‍ॅक्रिलिक रंग मिसळून दोन हात द्यावेत, खाचाकोपऱ्यांसकट. या पावसाळी हवेत लेप लवकर सुकत नाही, तेव्हा आपापले भाग शनिवारीच लावून पंख्याखाली ठेवा. पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी लावा, नाहीतर तो वाकतो.

गंजासाठी विकतची पावडर नको. आपल्या चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचाच असतो, त्यामुळे गंजाची छटा अगदी तंतोतंत येते. चिऱ्याचा भुगा खलून, पातळ कापडातून गाळून, तव्यावर कोरडा करून आणा. छताच्या पत्र्याखाली, बोल्टच्या डोक्यापासून ओल्या ब्रशने खाली बारीक ओघळ ओढला, की नवा पंप कित्येक वर्षांचा बेवारस दिसू लागतो. हे काम सावकाश करावे, सगळी जान त्यातच आहे.

‘वेस्टलँड वॉरफेअर’ या फॉलआउटवरच्या टेबल-खेळाच्या मूर्ती 32 मिमी मापाच्या आहेत. बेससकट मूर्ती दारातून आत जाते ना, हे पाहिल्याशिवाय भिंती चिकटवू नका.

कटर आणि जुने ब्रश स्वतःचे आणावेत. येणे जमत नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.