करारात 'एम-30' लिहिले, पुढे काय?

संपादक महोदय,

पुनर्विकासाच्या करारनाम्यात सोसायट्या फरशीचा आकार, नळांचा ब्रँड, दाराच्या फळीची जाडीसुद्धा लिहून घेतात. काँक्रीटपुढे मात्र एकच नोंद असते: 'एम-30'. दीडशे मिलिमीटरचा ठोकळा 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला 30 न्यूटन दाब सोसेल, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईत काँक्रीट दाबाने चिरडलेले क्वचित दिसते. गंजलेल्या सळईने छज्ज्याचे पोपडे पाडलेले गल्लोगल्ली दिसतात. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, ती तो काँक्रीट फोडून घेतो.

म्हणून आयएस 456 ही काँक्रीटची भारतीय मानक संहिता ग्रेडबरोबर (एम-30 ही ताकदीची ग्रेड) आणखी तीन अटी घालते. किनाऱ्याच्या हवेला उघड्या बांधकामात एम-30 हवेच, शिवाय पाणी-सिमेंटचे प्रमाण (पाण्याचे वजन भागिले सिमेंटचे) 0.45 च्या आत, घनमीटरला किमान 320 किलो सिमेंट आणि सळईवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. समुद्राचे तुषार थेट अंगावर येत असतील तर एम-35 आणि 50 मिलिमीटर. ग्रेड वाढवून कव्हर कमी करण्याची सवलत फार थोडी, जेमतेम 5 मिलिमीटरची आहे. आणि हे अंतर राखणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी सळईखाली फरशीचे तुकडे सरकवले, तर कागदावरचे 45 प्रत्यक्षात 20 सुद्धा राहत नाहीत.

खरी गडबड तयार काँक्रीटची गाडी साइटवर आल्यावर होते. ट्रॅफिकमध्ये अडकून माल घट्ट होतो, पंपवाला कुरकुरतो आणि कोणीतरी ड्रममध्ये पाइप सोडतो. समजा गाडीत 6 घनमीटर माल आहे, घनमीटरला 380 किलो सिमेंट आणि 160 लिटर पाणी, म्हणजे प्रमाण 0.42. त्यात 200 लिटरचे एक पिंप रिकामे केले की ते थेट 0.51 वर जाते. ओतायला माल सुंदर, पण पाण्याने सोडलेल्या सूक्ष्म वाटांनी क्षार आत शिरतात आणि सळई गंजवतात. पातळपणा हवा असेल तर तो प्लॅस्टिसायझरने (पाणी न वाढवता माल पातळ करणाऱ्या रसायनाने), प्लांटने ठरवलेल्या मात्रेतच आणावा. चाचणीचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरायचे तेही गाडीत जे काही मिसळायचे ते मिसळून झाल्यावर; आधी भरलेले क्यूब पास होतात आणि स्लॅब वेगळाच निघतो. चलनावरची वेळही पाहावी: रिटार्डर (माल घट्ट होणे लांबवणारे रसायन) नसेल तर माल भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी.

सिमेंटच्या बाबतीत '53 ग्रेड (जास्त ताकदीचे साधे सिमेंट) म्हणजे उत्तम' हा गैरसमज अजून टिकून आहे. भराव टाकलेल्या जमिनीत, जिथे पायाला खारे पाणी लागते, तिथे स्लॅगमिश्रित (लोखंडाच्या भट्टीची मळी मिसळलेले) सिमेंट सरस ठरते. क्षार आत यायला वेळ लागतो आणि जाड राफ्टमध्ये (पायाच्या सलग स्लॅबमध्ये) उष्णताही कमी होते. ठेकेदाराला ते आवडत नाही, कारण ताकद सावकाश येते आणि सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) अडकून पडते. साध्या सिमेंटला सात दिवस पाणी मारणे पुरते. मिश्र सिमेंटला किमान दहा. तेही सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून नव्हे, गोणपाट सतत ओले ठेवून. करारात ग्रेडशेजारी हे दहा दिवस, सिमेंटचा प्रकार आणि 0.45 हा आकडा लिहून घ्यावा.

एक स्थापत्य अभियंता, माहीम