राहुटी आणि दुर्बीण: उच्च व तंत्रशिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री,
उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी जुन्नर तालुक्यातला निवृत्त विज्ञान शिक्षक. शिवनेरी सगळ्या महाराष्ट्राची, तिचे सोडा. तिच्याखेरीज आमच्या तालुक्यात दोन ठिकाणे अशी आहेत की तिथे माणसे लांबून येतात. एक नारायणगाव. यात्रांचा हंगाम जवळ आला की इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येतात, चहा होतो, घासाघीस होते, सुपारी ठरते. दुसरे ठिकाण तिथून दहा-बारा किलोमीटरवरचे खोडद. तिथे जीएमआरटी ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यांतल्या १४ मध्यभागी, उरलेल्या १६ तीन दिशांना फाकलेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे शाळांची रीघ लागते. त्याच सुमारास इकडे राहुट्यांचीही लगबग सुरू असते. पण या जत्रेतला माणूस त्या जत्रेत सहसा दिसत नाही.

एकदा मात्र दिसला. एका फडातल्या सोंगाड्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. मुलाबरोबर तोही खोडदला आला. डिशखाली उभा राहून बराच वेळ वर बघत होता. मग म्हणाला, "गुरुजी, ह्यो तर तंबूच हाय. तणावं देऊनच उभा केलाय की!" मी हसलो. पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी या डिशची रचना करताना जाड पत्र्याऐवजी तारदोरांवर ताणलेली बारीक तारांची जाळी वापरली. त्यामुळे वजन कमी झाले, वारा आरपार जाऊ लागला आणि खर्च आवाक्यात राहिला. मी इतकी वर्षे मुलांना व्यास आणि वजन पाठ करायला लावत होतो. तंबू मला सुचला नव्हता.

पुढे त्याने माहिती सांगणाऱ्या तरुण संशोधकाला विचारले, "ह्यो कान का डोळा?" संशोधक म्हणाला, "कान समजा." त्यावर सोंगाड्या लगेच म्हणाला, "मंग आमची ढोलकी हितं ऐकू येत आसंल." पोरे खदखदली, पण संशोधक गप्प झाला. कारण ढोलकी ऐकू येत नाही. रेडिओ लहरी म्हणजे आवाज नव्हे. ढोलकीने दुर्बिणीचे काही बिघडत नाही. बिघडते ते मोबाइलने, विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणगीने, तंबूबाहेरच्या खराब जनरेटरने. तिथे फोन बंद का करायला लावतात, हे त्या एका प्रश्नाने पोरांना जेवढे कळले तेवढे फलकावरच्या मजकुराने कधी कळले नव्हते. तो संशोधक नंतर मला म्हणाला, "कान हा शब्द मी यापुढे जपून वापरीन."

या दोन माणसांची भेट योगायोगाने झाली. ती ठरवून व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

याची निकड पारावर बसले की कळते. पुणे–नाशिक रेल्वेची आमच्याकडे किती वाट पाहिली गेली, हे आपल्याला सांगायला नको. दुर्बिणीमुळे तिचा ठरलेला मार्ग बदलावा लागत असल्याचे रेल्वेमंत्र्यांनी सांगितले, तेव्हापासून "त्या डिशचा आम्हाला काय उपयोग?" हा प्रश्न रोज ऐकू येतो. रेल्वे कुठून जावी यावर मी इथे बोलणार नाही. पण ज्याच्यासाठी आपल्याकडून त्याग मागितला जातो, ते काय आहे हे माणसाला त्याच्या भाषेत कळायला हवे. एका अतिदूरच्या दीर्घिकेतून ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संदेश याच डिशनी टिपला. २०२३ साली तो निष्कर्ष जाहीर झाला. आमच्या शेजारची ही गोष्ट आम्हाला वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, तीही इंग्रजीचा वास येणाऱ्या मराठीत मिळाली. सोंगाड्याच्या हाती ती लागली असती तर त्याने पहिले हेच विचारले असते की, सांगावा निघाला तेव्हा ही पृथ्वीच नव्हती, मग धाडला कुणासाठी?

आपण म्हणाल, सरकार कलापथकांना कामे देतेच. देते, आणि ती मी जवळून पाहिली आहेत. एका कार्यालयासाठी मी पोवाडा लिहून दिला होता. साहेबांनी प्रत्येक कडव्यात योजनेचे पूर्ण नाव घालायला लावले. ढोलकीवाला म्हणाला, "गुरुजी, हे तालात बसत नाही, जीआरात बसतंय." सगळे आधी ठरवायचे आणि शेवटी कलावंताला निरोप्या म्हणून बोलवायचे, याला सहकार्य म्हणत नाहीत. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, सेवादलाची कलापथके यांनी तमाशाचीच चौकट घेतली होती. पण त्यातला विचार कलावंतांचा स्वतःचा होता, म्हणून तो लोकांपर्यंत पोचला.

दुर्बीण केंद्राच्या अखत्यारीत आहे, आपल्या नाही, हे मला ठाऊक आहे. विद्यापीठे मात्र आपल्याकडे आहेत. पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या एकाच आवारात ललित कला केंद्र आहे, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे आणि ही दुर्बीण चालवणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रही आहे. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. कलावंतांना उच्च शिक्षणसंस्थांत सामावून घेण्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्गदर्शक तत्त्वेही काढली आहेत. घोडे अडते ते हिशेबात. प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांवर. गावात घालवलेल्या संध्याकाळी कुठल्या रकान्यात भरायच्या? आणि कलावंताचे बिल वर्षभराने निघणार, तेही तीन दरपत्रके जोडल्यावर. वगाची तीन दरपत्रके कुठून आणायची, हे मला अजून कुणी सांगितलेले नाही.

फडाचा हंगाम दसऱ्यापासून वैशाखापर्यंत. पावसाळ्याचे चार महिने तंबू गुंडाळलेला असतो आणि कलावंत उचलीवर दिवस काढतो. त्या चार महिन्यांसाठी एकदा विद्यापीठाने उचल द्यावी, ती कर्ज म्हणून नव्हे, आगाऊ मानधन म्हणून. एक फड, दोन-तीन संशोधक, आणि पहिल्या दिवसापासून एकत्र तालीम. वस्तुस्थिती चुकली तर संशोधकाने थांबवावे. विनोद त्याला आवडला नाही म्हणून थांबवू नये. संशोधकाचे हे काम अध्यापनाइतकेच मोजावे. तयार झालेला वग फडाच्या मालकीचा राहावा. तो त्यांनी यात्रेत, तिकीट लावून, लावणीच्या शिट्ट्यांमध्ये उभा करावा. तिथे पब्लिक उठून गेले तर पुढच्या पावसाळ्यात दुरुस्त करावा. सभागृहात निमंत्रितांपुढे झालेल्या प्रयोगावरून यातले काही कळणार नाही.

सगळ्या राज्यासाठी योजना काढू नका. आधी जुन्नर तालुक्यात एकच करून पाहा. शुभारंभाला आपण जरूर या, फक्त भाषण गणाच्या आधी उरका.

यंदा राहुट्या लागल्या की खात्यातला एखादा अधिकारी नारायणगावला पाठवा. रात्री वग संपेपर्यंत त्याने बसावे आणि सकाळी खोडदला जावे. फाटकावर फोन बंद करायला सांगतील. का, ते त्याला मी वाटेत सांगेन. तो सोंगाड्या मोकळा असला तर त्यालाच बरोबर घेऊ.

आपला,
जुन्नर तालुक्यातील एक निवृत्त विज्ञान शिक्षक