'हिस्पॅनिक' म्हणजे एकच ग्राहक नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक देशांशी वंशाने जोडलेल्या, ग्राहकांविषयी आपल्या अर्थविषयक पुरवणीत आलेला लेख वाचला. या बाजारपेठेच्या आकाराबद्दल वाद नाही. २०१० च्या जनगणनेत सुमारे ५ कोटी ५ लाख असलेला हा समाज २०२० मध्ये ६ कोटी २१ लाखांवर पोहोचला आणि त्या दशकात देशाच्या लोकसंख्येत पडलेल्या भरीपैकी निम्म्याहून अधिक वाटा एकट्या या समाजाचा होता. मात्र लेखकाने या सर्वांना 'स्पॅनिश बोलणारा स्थलांतरित' अशा एकाच साच्यात बसवले आहे, ते पटत नाही.

'हिस्पॅनिक' ही मुळात सरकारी मोजणीच्या सोयीची वर्गवारी. १९८० च्या जनगणनेत ती प्रथमच देशातील प्रत्येक घरापर्यंत गेली. मुंबईत एके काळी दक्षिणेकडून आलेल्या प्रत्येकाला सरसकट 'मद्रासी' म्हणत, त्यातलाच हा प्रकार. प्वेर्तो रिको या अमेरिकेच्याच ताब्यातील कॅरिबियन बेटाचे लोक तर जन्मानेच अमेरिकी नागरिक असतात, त्यांना स्थलांतरित कसे म्हणावे?

फरक खरा दिसतो तो स्वयंपाकघरात. क्यूबन घरात काळा घेवडा शिजतो, उत्तर मेक्सिकोतून आलेल्यांकडे ठिपक्यांचा पिंटो घेवडा, आणि प्वेर्तो रिकन कुटुंबात नाताळचा मान असतो तो आपल्या ओळखीच्या तुरीचे हिरवे दाणे घालून केलेल्या भाताला. मेक्सिकन वस्तीतल्या दुकानदाराने तो माल भरून ठेवला, तर बहुधा फळीवरच राहील. १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्पेनहून आलेल्या एका कुटुंबाने सुरू केलेली 'गोया' ही खाद्यपदार्थांची कंपनी इतकी वाढली, त्यात घरोघरच्या या निरनिराळ्या कडधान्यांना जागा देण्याचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

भाषेचेही तसेच. या शतकात या समाजाची वाढ स्थलांतरापेक्षा अमेरिकेतच जन्मलेल्या मुलांमुळे अधिक झाली आहे. आजीशी स्पॅनिशमध्ये आणि भावंडांशी इंग्रजीत बोलणाऱ्या या पिढीपुढे इंग्रजी जाहिरातीचे शब्दशः स्पॅनिश भाषांतर ठेवून काय साधणार?

या समाजात सुमारे साठ टक्के लोक मेक्सिकन वंशाचे असल्यामुळे देशपातळीवरची सरासरी बव्हंशी त्यांचेच चित्र दाखवते, आणि तिच्या भरवशावर क्यूबन वस्ती मोठी असलेल्या मायामीत माल पाठवणाऱ्या आपल्याकडील निर्यातदाराची फसगत होऊ शकते. पुढील लेखात राज्यवार व मूळ देशानुसार आकडेवारी द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, पुणे