पाचपैकी किती देऊ?

प्रिय बाळ्या,

तब्येत ठीक, गुडघा अधूनमधून कुरकुरतो. पत्राचं कारण वेगळं आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

वर्गात दरवर्षी ठरलेले प्रश्न येतात. क्रांती फ्रान्समध्येच का झाली? यशस्वी म्हणायची की अयशस्वी? हे परीक्षेला येईल का? परवा मागच्या बाकावरच्या पोरीने विचारलं, "सर, 1789 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान. मग गुलामगिरी 1794 ला का रद्द झाली? मधे पाच वर्षं काय चाललं होतं?"

साखर चालली होती, दुसरं काय! सेंट-डोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, पाच लाखांच्या आसपास गुलाम उसात आणि कॉफीत राबत होते. पॅरिसमधल्या समतावाद्यांनाही तो पैसा हवाच होता. ऑगस्ट 1791 मध्ये गुलामांनी उत्तरेकडचे मळे पेटवले. 1793 ला इंग्रज आणि स्पॅनिश अंगावर आल्यावर, काळ्या सैनिकांशिवाय बेट हातचं जाणार हे दिसल्यावर, तिथला फ्रेंच कमिशनर सोंतोनाक्सने स्वातंत्र्य जाहीर केलं. पॅरिसने 4 फेब्रुवारी 1794 ला त्यावर शिक्का मारला. 1802 ला नेपोलियनने तोही पुसायला घेतला. गुलामांचा पुढारी तूसां लूव्हर्त्यूर फ्रान्समधल्या थंड किल्ल्यात कैदेत मेला, तरी 1 जानेवारी 1804 ला हैती स्वतंत्र झालाच.

आठवतं का, मेसमध्ये तू पावाच्या भावावर बॅस्टिलचा तुरुंग पाडायचास आणि मी हक्कांची भाषा बोलणारा रूसो काढला की मुद्दाम पोळी मागायचास? मावशी वैतागून आमटीचं भांडंच उचलायच्या. हैतीपुढे आपण दोघेही अर्धवट पडतो रे. तिथे पोट होतं, हक्कांची भाषा होती, आणि पाठीवर चाबूक होता. (पोळीचा हिशोब अजून बाकी आहे.)

आता खरी पंचाईत. चाचणीत पोरीने लिहिलंय: "गुलामगिरी पॅरिसने रद्द केली नाही, गुलामांनी करायला लावली." नमुना उत्तरात फक्त कायदा आणि तारीख. वरिष्ठ म्हणतात, मुद्दे जुळत नाहीत, दोन द्या. मला पाच द्यायचेत. पण उद्या बोर्डाचा पेपर मी तपासणार नाही, आणि तिला कॉलेजच्या फीसाठी स्कॉलरशिप हवी आहे. "परीक्षेत हे लिही, मनात ते ठेव" असं सांगायला जीभ रेटत नाही. तू असतास तर टेबलावर हात आपटून पाच दे म्हणाला असतास. तुला कुठे तिच्या आईला तोंड द्यायचंय!

पेपर जमा करताना तिने वर आणखी एक प्रश्न टाकला: फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, हैतीच्या का नाही? अमेरिकेतली मुक्ती ताजी होती, 1865 ची, एवढं म्हणालो. तिचं समाधान झालं नाही. माझंही नाही.

हैतीला त्या स्वातंत्र्याची किंमत 1825 पासून मोजावी लागली, 15 कोटी फ्रँक, मळेवाल्यांची भरपाई म्हणून! मालकांनाच भरपाई. हे वर्गात सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच कुणी विचारलं नाही, "हे येणार का परीक्षेला?"

वहिनींची बदली रद्द झाली का? धाकट्याचे दात? अण्णांना नमस्कार. पेपर शनिवारी परत द्यायचेत, त्याआधी फोन कर. शिव्या घातल्यास तरी चालेल, आकडा मात्र सांग.

तुझा,
मास्तर